वजनकाट्यापलीकडचा मुष्टियोद्धा : शुगर रे रॉबिन्सन

मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरण्यापूर्वी प्रत्येक मुष्टियोद्ध्याला वजनकाट्यावर उभे राहावे लागते. कुस्तीतील वजनगट आपल्या परिचयाचे आहेत. मुष्टियुद्धातही तोच न्याय आहे. ११२ पौंडांपर्यंतचा फ्लायवेट, ११८ पर्यंतचा बँटमवेट, १२६ पर्यंतचा फेदरवेट, १३५ पर्यंतचा लाइटवेट, १४७ पर्यंतचा वेल्टरवेट, १६० पर्यंतचा मिडलवेट, १७५ पर्यंतचा लाइट हेवीवेट आणि त्यावरचा हेवीवेट अशी आठ गटांची जुनी विभागणी होती. आज व्यावसायिक मुष्टियुद्धात गटांची संख्या सतरावर गेली आहे. ठोशामागे अंगाचे वजन असते, तेव्हा हलक्या माणसाला जड माणसासमोर उभे करणे हा अन्याय होईल, एवढाच या विभागणीचा अर्थ.

परंतु माणसाच्या मनाचे समाधान अशा विभागणीने होत नाही. आठ गटांचे आठ विजेते झाले. मग त्या आठांत श्रेष्ठ कोण? आखाड्यात या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. हेवीवेट विजेता बाकीच्या सातांना लोळवील. पण ते उत्तर वजनाचे झाले, कलेचे नव्हे. म्हणून रसिकांनी एक कल्पनेचा तराजू शोधून काढला. समजा, सर्वांचे वजन सारखे असते, पौंडास पौंड मोजला असता, तर कोणाचे पारडे जड झाले असते? इंग्रजीत याला 'पाउंड फॉर पाउंड' म्हणतात. हा शब्दप्रयोग जुनाच; पण तो सर्वतोमुखी झाला तो एका माणसामुळे. त्याचे नाव शुगर रे रॉबिन्सन.

गंमत अशी, की हे त्याचे खरे नावच नव्हे. ३ मे १९२१ रोजी जन्मलेल्या या मुलाचे नाव होते वॉकर स्मिथ. जन्मदाखल्यावर जॉर्जिया राज्यातील एली हे लहानसे गाव आहे. स्वतः तो आपला जन्म डेट्रॉइटचा असल्याचे सांगे. आईवडील दक्षिणेतील कापसाच्या आणि भुईमुगाच्या शेतांत राबलेले कृष्णवर्णीय शेतकरी. पोटासाठी हे कुटुंब उत्तरेला, डेट्रॉइट या कारखान्यांच्या शहरात आले. तेथे त्याच वस्तीत जो लुई नावाचा एक तरुण राहत असे. हाच पुढे हेवीवेट जगज्जेता झाला. लहानगा वॉकर या लुईची पिशवी उचलून त्याच्यामागोमाग ब्रूस्टर केंद्राच्या तालमीत जाई.

आईवडिलांचे पटेना. आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला निघून आली आणि काही काळाने हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहू लागली. ते जागतिक मंदीचे दिवस होते. कष्टाची कामे करून ती माउली घर चालवी. मुलगा रस्त्यावर नाचून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून नाणी मिळवी. त्याला नाचाचे मनापासून वेड होते आणि ते त्याला जन्मभर पुरले. पुढे त्याच्या पदन्यासाचे जे कौतुक झाले, त्याचे मूळ या रस्त्यावरच्या नाचात आहे. शाळा मात्र नववीतच सुटली.

हार्लेममधील एका चर्चच्या तळघरात जॉर्ज गेनफर्ड नावाचा प्रशिक्षक मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. वॉकर तेथे जाऊ लागला. हौशी सामन्यांत उतरण्यासाठी संघटनेचे ओळखपत्र लागे आणि ते ठरावीक वय पूर्ण झाल्याशिवाय मिळत नसे. वॉकरचे वय तेवढे नव्हते. रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या एका मुलाचे ओळखपत्र गेनफर्डजवळ होते. तेच पुढे करून वॉकर स्मिथला रिंगणात उतरवण्यात आले. तो जिंकला, पुनःपुन्हा जिंकला, आणि उसने घेतलेले नाव कायमचे चिकटले. पुढे वॉटरटाउन या गावातील एका लढतीनंतर त्याची शैली साखरेसारखी गोड असल्याचे कोणी तरी म्हटले आणि नावामागे 'शुगर' लागले. त्याच्यानंतरच्या काळात कित्येक मुष्टियोद्ध्यांनी हे बिरुद उचलले. पण त्याचा मूळ धनी हाच.

हौशी म्हणून तो ८५ लढती लढला आणि एकही हरला नाही, असे मानले जाते. १९३९ साली फेदरवेट आणि १९४० साली लाइटवेट गटात त्याने 'गोल्डन ग्लव्ह्ज'चे मानाचे विजेतेपद पटकावले. ४ ऑक्टोबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो व्यावसायिक म्हणून प्रथम उतरला आणि दुसऱ्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याला त्याने चीत केले. त्याच रात्री, त्याच रिंगणात मुख्य लढत होती हेन्री आर्मस्ट्राँग आणि फ्रिट्झी झिविक यांची. १९३८ साली फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट अशी तीन अजिंक्यपदे एकाच वेळी धारण करणारा आर्मस्ट्राँग हा रॉबिन्सनचा आदर्श. त्या रात्री झिविकने त्याला बेदम चोपून त्याचे उरलेले अजिंक्यपद हिरावून घेतले. सुमारे वर्षभराने रॉबिन्सनने झिविकला हरवले आणि १९४२ च्या आरंभी पुन्हा हरवले. पुढे १९४३ साली उतरणीला लागलेला आर्मस्ट्राँगच त्याच्यासमोर आला. लढत रॉबिन्सनने जिंकली. पण पाहणाऱ्यांना स्पष्ट दिसले, की त्याने आपल्या दैवताला जपून मारले.

त्याच्या खेळात असे काय होते? पाच फूट अकरा इंच उंची, लांब हात, आणि दोन्ही हातांत सारखीच ताकद. सर्वसाधारण मुष्टियोद्ध्याच्या ठोशाला पुढे टाकलेल्या पावलाचे बळ लागते. रॉबिन्सन मागे सरकता सरकताही माणूस आडवा करू शके. एकामागून एक असे पाचसहा ठोसे तो इतक्या जलद मारी, की पहिला कोणता आणि शेवटचा कोणता हे कळू नये. सरळ डावा, उजवा क्रॉस, डावा हुक, खालून येणारा अपरकट, बरगड्यांवरचा घाव, सगळे त्याला वश होते. सामान्यतः मुष्टियोद्ध्यांच्या दोन जाती असतात. एक चपळ, पण ठोशात जोर नसलेला. दुसरा ताकदवान, पण पायांनी मंद. या दोन्ही जाती एका देहात नांदत होत्या, हेच त्याचे वेगळेपण.

व्यावसायिक झाल्यावर सलग चाळीस विजय मिळवल्यानंतर पहिला पराभव त्याच्या वाट्याला आला. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये जेक लामोटा या बैलासारख्या दणकट, वजनाने भारी माणसाने त्याला हरवले. तीनच आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, रॉबिन्सनने त्याच शहरात त्याची परतफेड केली आणि दुसऱ्याच दिवशी तो सैन्यात दाखल झाला! या दोघांच्या एकूण सहा लढती झाल्या. त्यांतील पाच रॉबिन्सनने जिंकल्या.

सैन्यातला काळ मात्र वादाचा ठरला. जो लुईबरोबर त्याला छावण्या-छावण्यांतून प्रदर्शनीय लढती कराव्या लागत. जेथे कृष्णवर्णीय सैनिकांना प्रेक्षक म्हणून येऊ देत नसत, तेथे खेळायला त्याने नकार दिला. १९४४ च्या मार्चमध्ये तुकडी युरोपला निघण्याच्या सुमारास तो अचानक नाहीसा झाला आणि नंतर रुग्णालयात सापडला. स्मृती गेल्याचे कारण सांगण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याला सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात आले, तरी पळपुटेपणाचा आरोप करणारे वार्ताहर त्याच्या मागे लागलेच. एकाच माणसाच्या चरित्रात स्वाभिमानाचा आणि संशयाचा असा प्रसंग शेजारी-शेजारी यावा, हे रॉबिन्सनच्या बाबतीत अनेकदा घडलेले दिसते.

वेल्टरवेटमध्ये त्याच्या तोडीचा कोणी नाही हे सर्वांना कळत होते. तरीही अजिंक्यपदाची लढत त्याला वर्षानुवर्षे मिळाली नाही. त्या काळी अमेरिकेतील मुष्टियुद्धावर गुंडांच्या टोळ्यांची पकड होती आणि तो त्यांच्या तंत्राने चालायला तयार नव्हता. शेवटी २० डिसेंबर १९४६ रोजी टॉमी बेलला पंधरा फेऱ्यांत हरवून तो जगज्जेता झाला.

यानंतर सहाच महिन्यांनी ती दुर्दैवी रात्र आली. २४ जून १९४७ रोजी क्लीव्हलँड येथे जिमी डॉइल या तरुणाशी त्याची लढत ठरली होती. आदल्या रात्री रॉबिन्सनला स्वप्न पडले, की आपल्या ठोशाने डॉइल मेला. तो घाबरून उठला आणि लढत रद्द करा म्हणून आयोजकांच्या मागे लागला. स्वप्नावर विश्वास ठेवू नये, असे त्याला समजावण्यासाठी धर्मोपदेशकांना बोलावण्यात आले. त्याची समजूत पटली. आठव्या फेरीत त्याचा डावा हुक डॉइलच्या हनुवटीवर बसला. डॉइल ताठ मागे कोसळला, त्याचे डोके रिंगणाच्या पाटावर आपटले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

चौकशी झाली. डॉइलची अवस्था बिकट झाल्याचे तुला दिसत होते काय, अशा अर्थाचा प्रश्न त्याला विचारण्यात आला. प्रतिस्पर्ध्याला बिकट अवस्थेत आणणे हाच आपला धंदा आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ते उत्तर अनेकांना निर्दय वाटले. पण विचार केला, तर त्याहून प्रामाणिक उत्तर कोणते असणार? ज्या खेळात समोरच्याच्या मेंदूला क्षणभर बधिर करणे म्हणजे विजय, त्या खेळाचे सत्य त्याने लपवले नाही. दोष त्याच्यावर आला नाही. डॉइलच्या मनात मिळकतीतून आईसाठी घर घ्यायचे होते, हे कळल्यावर रॉबिन्सनने आपल्या पुढील काही लढतींचे उत्पन्न त्या माउलीला दिले. तिला घर मिळाले. मुलगा मिळाला नाही. श्रेष्ठत्वाच्या कोणत्याही यादीत या रात्रीला गुण नाहीत, तरी त्याचे चरित्र लिहिताना ती वगळता येत नाही.

१९५० च्या सुमारास तो कीर्तीच्या शिखरावर होता. हार्लेमच्या सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर त्याचे उपाहारगृह होते. शेजारीच केशकर्तनालय, जमीनजुमल्याचे कार्यालय आणि पत्नी एडना मे हिचे कपड्यांचे दुकान. बाहेर त्याची प्रसिद्ध गुलाबी कॅडिलॅक उभी असे. ज्या वस्तीत त्याने नाण्यांसाठी नाच केला, तेथील मुलांसाठी ती गाडी म्हणजे एक तीर्थच होते. तो खर्चिक होता, तसाच हिशेबीही. आपले करार तो स्वतः करी आणि पैशाचे जमल्याशिवाय हातमोजे घालत नसे. कृष्णवर्णीय खेळाडूने दिले तेवढे घ्यावे अशी रीत असताना त्याने आपली किंमत आपण ठरवली, हे विसरता कामा नये. त्याच माणसाने १९५० साली चार्ली फुसारीशी झालेल्या लढतीतले, एक डॉलर वगळता, आपले सर्व मानधन कर्करोग निधीला दिले.

१४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत जेक लामोटाशी सहाव्यांदा गाठ पडली. या वेळी पणाला लागले होते लामोटाचे मिडलवेट अजिंक्यपद. पहिल्या काही फेऱ्या चुरशीच्या झाल्या; मग रॉबिन्सनच्या ठोशांचा असा पाऊस सुरू झाला, की तेराव्या फेरीत पंचाला लढत थांबवावी लागली. लामोटा दोरांना धरून उभा होता. तो पडला नाही, एवढेच समाधान त्याला लाभले.

त्यानंतर रॉबिन्सन मोठा लवाजमा आणि ती गुलाबी गाडी घेऊन युरोपच्या दौऱ्यावर गेला. पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले. पण १० जुलै १९५१ रोजी लंडनमध्ये रँडॉल्फ टर्पिन या तेवीस वर्षांच्या इंग्लिश तरुणाने त्याला पंधरा फेऱ्यांत हरवले. १९४३ नंतरचा हा त्याचा पहिला पराभव. मधल्या आठ वर्षांत ९१ लढती तो अपराजित राहिला होता! दोन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर परतीची लढत झाली. दहाव्या फेरीत रॉबिन्सनच्या डोळ्यावर जखम होऊन रक्त वाहू लागले. आता लढत थांबवली जाईल, या भीतीने त्याने सर्वस्व पणाला लावून टर्पिनवर हल्ला चढवला आणि त्याच फेरीत अजिंक्यपद परत मिळवले.

२५ जून १९५२ ची लढत तर वजनकाट्याशीच होती. लाइट हेवीवेट विजेता जोई मॅक्सिम याला त्याने आव्हान दिले. मॅक्सिम त्याच्याहून सुमारे पंधरा पौंडांनी भारी. यँकी स्टेडियममधील त्या रात्री दिव्यांखाली उष्णतामान १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले होते. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टाइनच उष्म्याने हतबल झाला आणि त्याच्या जागी दुसरा पंच आणावा लागला. सर्व गुणपत्रकांवर रॉबिन्सन पुढे होता. पण तेराव्या फेरीत तो स्वतःच्याच चुकलेल्या ठोशाबरोबर जमिनीवर पडला, आणि चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्याला उठता आले नाही. सुमारे दोनशे लढतींच्या कारकिर्दीत वेळेपूर्वी हरण्याचा हा त्याचा एकमेव प्रसंग. आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाने नव्हे, उकाड्याने.

वर्षअखेर त्याने निवृत्ती जाहीर केली आणि रंगमंचावर नर्तक म्हणून उभा राहिला. लोक आले, टाळ्या वाजल्या, पण ओघ टिकला नाही. इकडे हार्लेममधले धंदे बुडत चालले. १९५५ च्या जानेवारीत तो रिंगणात परतला. आरंभीच एक पराभव पदरी आला आणि हा संपला असे सर्वांनी ठरवून टाकले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला बोबो ओल्सनला दुसऱ्याच फेरीत चीत करून तो पुन्हा मिडलवेट विजेता झाला. जानेवारी १९५७ मध्ये जीन फुल्मरने ते पद घेतले. १ मे रोजी पाचव्या फेरीतल्या एका डाव्या हुकने ते परत आले. मागे सरकत असताना मारलेला हा ठोसा आजही निर्दोष ठोशाचा नमुना म्हणून चित्रफितीवर दाखवला जातो. त्याच वर्षी कार्मेन बॅसिलिओने त्याला हरवले. २५ मार्च १९५८ रोजी त्याने बॅसिलिओला हरवले आणि मिडलवेटचे अजिंक्यपद पाचव्यांदा जिंकले. तेव्हा तो सदतिशीच्या उंबरठ्यावर होता.

येथे थांबता आले असते. तो थांबला नाही. सुमारे चाळीस लाख डॉलर्स मिळवलेला हा माणूस पैशासाठी चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत लढत राहिला. एके काळी जे त्याच्या वाऱ्याला उभे राहिले नसते, अशांकडून लहान गावांतून हरला. १० नोव्हेंबर १९६५ रोजी पिट्सबर्ग येथे जोई आर्चरविरुद्धची लढत ही शेवटची. महिन्याभराने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा निरोपसमारंभ झाला. ओल्सन, बॅसिलिओ, फुल्मर आणि टर्पिन हे त्याचे जुने प्रतिस्पर्धी त्यासाठी मुद्दाम आले. त्याला एक भलामोठा चषक देण्यात आला. तो ठेवण्याजोगे मजबूत टेबलही तेव्हा त्याच्या घरी नव्हते, असे सांगतात. आणि त्या पाहुण्यांपैकी टर्पिनने पुढच्याच वर्षी दारिद्र्याला कंटाळून आपले जीवन संपवले.

माणूस म्हणून रॉबिन्सन निर्दोष नव्हता. एडना मे हिच्याशी त्याचा संसार मोडला. तो तिच्यावर हात उगारीत असे, हे त्यांच्या मुलानेच पुढे उघडपणे सांगितले. रिंगणाबाहेर ज्या हातांना मज्जाव असायला हवा होता, तेच हात घरात उगारले गेले, ही गोष्ट कौतुकाच्या भरात झाकून टाकणे योग्य नव्हे. उत्तरायुष्यात तो लॉस एंजल्सला स्थायिक झाला आणि १९६९ साली त्याने गरीब वस्तीतल्या मुलामुलींसाठी एक युवक संस्था स्थापन केली. पुढे ऑलिंपिक गाजवणारी धावपटू फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर लहानपणी याच संस्थेत धावली. या संस्थेत अनेक खेळ होते. मुष्टियुद्ध मात्र नव्हते. जगातल्या सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्याने इतरांच्या मुलांना आपला खेळ शिकवला नाही, यातच त्याचे मत आले.

अखेरची वर्षे विस्मृतीत गेली. अल्झायमर रोगाने त्याची स्मरणशक्ती हळूहळू पुसून टाकली. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला कायमची इजा होते, हे अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९२८ सालीच प्रसिद्ध झाले होते. रॉबिन्सन तेव्हा सात वर्षांचा होता. १२ एप्रिल १९८९ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मग श्रेष्ठ कोण? या प्रश्नावर आजही वाद झडतात. कोणी म्हणतात, आठच गट असताना तीन अजिंक्यपदे एकदम बाळगणारा आर्मस्ट्राँग श्रेष्ठ. कोणी हॅरी ग्रेबचे नाव घेतात. मिडलवेट असून त्याने १९२२ साली जीन टनीला हरवले, आणि हाच टनी पुढे हेवीवेट जगज्जेता झाला. कोणाला मुहम्मद अलीपलीकडे कोणी दिसत नाही. पण स्वतः अली रॉबिन्सनला आपला गुरू आणि आदर्श मानी. असोसिएटेड प्रेसने १९९९ साली शतकातला श्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून आणि 'द रिंग' मासिकाने २००२ साली मागील ऐंशी वर्षांच्या यादीत पहिले नाव म्हणून रॉबिन्सनचीच निवड केली.

विशेष हे, की ज्या वेल्टरवेट काळात तो सर्वांत तेजस्वी होता, त्या काळातील त्याच्या लढतींच्या चित्रफिती फारच थोड्या उरल्या आहेत. आज आपण पाहतो तो बहुतांशी तिशीतला, उतरणीला लागलेला रॉबिन्सन. त्याच्यावरूनच परीक्षक त्याला पहिला क्रमांक देतात!

परंतु 'पौंडास पौंड' हा हिशेब मांडताना तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडेही आपण पाहिले पाहिजे. त्या पारड्यात जिमी डॉइलच्या आईचे घर आहे, टर्पिनचा शेवट आहे, एडना मेची दुःखे आहेत, आणि स्वतःचे विजय आठवू न शकणारा एक वृद्ध आहे. त्याची कला अद्वितीय होती, यात शंका नाही. पण त्या कलेची किंमत त्याने आणि त्याच्या आसपासच्या माणसांनी जन्मभर मोजली. क्रमवारी लावणाऱ्याने पहिले नाव खुशाल त्याचे लिहावे. मात्र त्या नावाखाली एवढी नोंदही अवश्य करावी.